‘मन लागत नाही’ याचं कारण शोधायचं कुठे?

ज्या पत्राला हे उत्तर आहे, त्याचा सारांश आधी देतो. लिहिणारे ३३ वर्षांचे आहेत. हिंजवडीत आयटीत नोकरी, वाकडला घर, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. गेलं दीड वर्ष कामाला हात लावावासा वाटत नाही. लॅपटॉप उघडून अर्धा अर्धा तास नुसतं बसणं होतं, एकच मेल तीनदा वाचावा लागतो. पूर्वी शनिवारी सिंहगड चढायचे, तेही सुटलं. सत्तर-बहात्तर तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज केलं. त्यात डी जीवनसत्त्व १४, बी-१२ २१० आणि थायरॉइडचं टीएसएच ५.६ आलं, बाकी सगळं ठीक. तीन महिने गोळ्या घेऊन काही फरक नाही. आता त्यांचा प्रश्न असा : ‘मला एडीएचडी (लक्ष टिकत नसल्याचा विकार) आहे का, की मी नुसता आळशी झालोय? मुळाशी काय आहे हे कसं शोधू?’

पहिल्यांदा ‘आळशी’ या शब्दाबद्दल बोलतो. सव्वीस वर्षं पुण्यात जनरल प्रॅक्टिस करताना हा शब्द मी हजारो वेळा ऐकला. तो जवळजवळ नेहमी पेशंट स्वतःबद्दल वापरतो, नाहीतर त्याच्या घरचे वापरतात. जो माणूस बत्तीस वर्षं व्यवस्थित कामं करत होता, तो तेहेतिसाव्या वर्षी आळशी कसा होईल? स्वभाव असा एका पावसाळ्यात बदलत नाही. काहीतरी बदललंय आणि ते शोधता येतं. तेव्हा हा शब्द आजपासून बाजूला ठेवा. तो शोध थांबवतो, म्हणून मला त्याची खरोखर चीड आहे.

आता शोधाकडे वळू. बहुतेक लोक रक्त तपासण्यापासून सुरुवात करतात, तशी तुम्हीही केलीत. मी मात्र शब्दांपासून सुरुवात करतो. ‘कंटाळा येतो, मन लागत नाही’ या एका वाक्यात आपण चार वेगवेगळ्या तक्रारी कोंबतो. कुणाला दिवसा झोप येत असते, डोळे मिटतात. कुणाला झोप येत नाही पण अंगात त्राण नसतं, जिना चढला की बसावंसं वाटतं. कुणाला ताकद असते, इच्छाही असते, पण लक्ष एका जागी टिकत नाही. आणि कुणाला कशातच राम वाटत नाही. पुरणपोळी समोर आली तरी ‘ठेव, नंतर बघू’. बाहेरून चौघंही सारखेच दिसतात, लॅपटॉपसमोर नुसते बसलेले. पण पहिल्याची तपासणी झोपेची, दुसऱ्याची रक्ताची, तिसऱ्याची लक्षाची आणि चौथ्याची मनाची. एकाच माणसात दोन तक्रारी असू शकतात, बऱ्याचदा असतातच. तरी सगळ्यात आधी काय आलं आणि सगळ्यात जास्त काय आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे ठरवायला मी एक साधा प्रश्न विचारतो. शेवटचे तीन-चार दिवस बाहेरगावी गेला होतात तेव्हा कसं होतं? कोकणात गेलात, ऑफिसचा फोन बंद, वाटेल तेव्हा झोपलात, तिसऱ्या दिवशी समुद्रावर मुलीबरोबर पळावंसं वाटलं का? वाटलं असेल, तर झोपेची थकबाकी किंवा कामाचं स्वरूप यांच्यावर माझा संशय जातो. शरीराने साथ दिली नाही, वाळूत चार पावलं टाकून धाप लागली, तर रक्त, थायरॉइड, साखर. आणि समुद्र समोर असून काहीच वाटलं नाही, उलट ‘इथेही मला बरं वाटत नाही’ म्हणून जास्त उदास झालात, तर मला मनाच्या आजाराची काळजी वाटते. यावरून निदान होत नाही, पण कुठल्या दारावर आधी टकटक करायची ते कळतं.

आता तुमचं पत्र. तुम्ही रिपोर्टचे आकडे वर, ठळक लिहिलेत. खाली जाता जाता चार गोष्टी लिहिल्यात, आणि मला त्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. दोन वर्षांत ११ किलो वजन वाढलंय. घोरण्यामुळे पत्नी कधीकधी मुलीच्या खोलीत झोपायला जाते. ॲसिडिटीची पॅन्टोप्रेझॉल दोन वर्षं रोज सकाळी घेता. सर्दी-शिंकांसाठी ॲलर्जीची गोळी जवळजवळ बारा महिने चालू आहे. शिवाय अमेरिकेच्या टीमबरोबरचे कॉल रात्री साडेअकराला संपतात आणि सकाळी साडेसहाला मुलीच्या शाळेसाठी उठावं लागतं, हेही आहेच.

घोरण्यापासून सुरू करतो, कारण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिथेच आहे. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असा समज आहे. ‘काय मस्त झोपलाय बघ’ असं म्हणतात. प्रत्यक्षात स्लीप ॲप्निया नावाच्या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, वाट उघडते, मोठा घोर्र आवाज येतो आणि पुन्हा तेच. तासाला असं पाच ते पंधरा वेळा झालं तर सौम्य, तीसच्या वर गेलं तर तीव्र. माणसाला यातलं काहीही आठवत नाही. त्याच्या लेखी तो सात तास झोपला. सकाळी तोंड कोरडं असतं, डोकं जड असतं, चिडचिड होते आणि दुपारी वाचलेलं डोक्यात शिरत नाही. ‘माझं कॉन्सन्ट्रेशन गेलं’ अशी तक्रार घेऊन जे पुरुष माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या अनेकांचं उत्तर रात्रीच्या अंधारात असतं आणि ते फक्त त्यांच्या बायकोला माहीत असतं.

म्हणून एक काम करा. पत्नीला सांगा की तुम्ही पाठीवर झोपून घोरत असाल तेव्हा फोनवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. घोरणं सलग आहे, की मध्येच सगळं शांत होऊन छाती-पोट नुसतं हलतं आणि मग गुदमरल्यासारखा श्वास येतो, हे त्यात दिसतं. मागे एका गृहस्थांच्या पत्नीने असा व्हिडिओ दाखवला होता. शांततेचा तो तुकडा आम्ही तिघांनी घड्याळ लावून मोजला, अठ्ठावीस सेकंद भरला. ते गृहस्थ स्वतःच्याच छातीकडे बघत राहिले. त्याआधी वर्षभर ते बी-१२ची इंजेक्शनं घेत होते.

झोप किती येते हे मोजायला एपवर्थ नावाची छोटी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर, अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाच्या वर गेलात तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे. भूमकर चौकात गाडी अडकली असताना डोळे मिटतात का, हा त्यातल्याच प्रश्नाचा तुमच्यासाठीचा अवतार. मिटत असतील तर तपासणी होईपर्यंत रात्रीची एक्स्प्रेसवेची गाडी तुम्ही चालवू नका. हे मी फार गांभीर्याने सांगतोय. मानेचा घेरही मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर संशय वाढतो. पुढची पायरी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची नोंद. हल्ली ती घरीही होते. निदान पक्कं झालं, तर वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, नाक मोकळं ठेवणं आणि गरज असेल तर रात्री सीपॅपचं मशीन, जे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवतं. मशीनला लोक घाबरतात. पहिला आठवडा जड जातो हे खरं, पण आजार तीव्र असेल तर माणसात जो फरक पडतो, तसा मी इतर कुठल्या गोळीने फार क्वचित पाहिलाय.

स्लीप ॲप्निया निघाला नाही तरी झोपेचा हिशेब उरतोच. कॉल साडेअकराला संपतो, पण डोकं लगेच बंद होत नाही. तुम्ही लिहिलंय की ‘थोडा वेळ मोबाइल बघतो’. म्हणजे एक वाजतो. साडेसहाला उठायचं, म्हणजे झाले साडेपाच तास, आणि हे आठवड्यातून पाच दिवस. रविवारी अकरापर्यंत झोपून ती उधारी फिटत नाही, उलट त्या रात्री झोप आणखी उशिरा येते. संध्याकाळी सहाचा चहा आणि कॉलच्या आधीची कॉफी हेही धरा. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

आता ॲलर्जीची गोळी. पुण्यात वर्षभर नाक गळणारे लोक खूप आहेत. धूळ आहे, बांधकामं आहेत, आणि गाजर गवत आहे. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात आणि इथेच, पुण्यात. या गोळ्यांपैकी सेट्रिझिनने काहींना दिवसभर हलकी गुंगी राहते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमधल्या क्लोरफेनिरामिनने तर बऱ्याच जणांना येते. माणूस गोळी रात्री घेतो, सकाळी जड उठतो आणि दोष झोपेला देतो. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे बहुतेकांना जास्त उपयोगी पडतो आणि त्याने गुंगी येत नाही. तुमच्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. नाक मोकळं झालं की घोरण्यालाही थोडी मदत होते. इथे एक सर्वांसाठी सांगतो. लक्ष कमी झाल्याची तक्रार घेऊन येताना घरातल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणा. झोपेसाठी कुणीतरी दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, मायग्रेनसाठीची टोपिरामेट, छातीची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल, यांपैकी कुठलीही गोळी डोकं मंद करू शकते. यातली एकही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. झोपेच्या गोळ्या एकदम थांबवणं तर धोक्याचं असतं.

पॅन्टोप्रेझॉलचा धागा बी-१२शी जोडलेला आहे. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते आम्लच दोन-दोन वर्षं दाबून ठेवलं, वर जेवण शाकाहारी, तर साठा हळूहळू उतरतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही असंच होतं. २१० हा आकडा बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत, म्हणजे दोनशेच्या वर, जेमतेम बसतो, पण ती काठावरची जागा आहे. अशा वेळी होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा एक घटक, तपासलं तर पेशींना बी-१२ खरोखर कमी पडतंय का याचा अंदाज येतो. तुम्ही मात्र तीन महिने गोळ्या घेतल्यात, त्यामुळे आता रक्तातला आकडा वर दिसेल आणि त्यावरून मागचं काही कळणार नाही. कुठली गोळी घेतलीत तेही बघा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-१२ बहुधा किरकोळ असतं. कमतरता भरून काढायला रोज हजार मायक्रोग्रॅम लागतात, किंवा ती लाल रंगाची इंजेक्शनं. हातापायांना मुंग्या, जिभेला आग, अंधारात चालताना तोल जाणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका, कारण नसांची झीज फार पुढे गेली की पूर्ण भरून येत नाही.

तरी इथे एक सावधगिरी हवी. आपल्या शहरातलाच अभ्यास आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं बी-१२ तपासलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. एकूण ६७ टक्के पुरुषांत ते कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्क्यांत. आता विचार करा. जी गोष्ट शहरातल्या दहापैकी आठ जणांत सापडते, ती तुमच्यात सापडली याचा अर्थ तुमच्या तक्रारीचं कारण सापडलं, असा होत नाही. ती कमतरता भरून काढायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण भरून काढून तीन महिने झाले आणि मन जागचं हललं नाही, तर ‘डोस वाढवा’ म्हणण्याआधी दुसरीकडे बघायला हवं. डी जीवनसत्त्वाचंही तेच. १४ म्हणजे कमी, भरून काढा, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. त्याने कामाची उमेद परत येईल, अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. आणि ६० हजार युनिटची ती पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेऊन कॅल्शियम वाढवून घेतलेले पेशंट मी पाहिलेत, आणि वाढलेलं कॅल्शियम स्वतःच माणसाला सुस्त आणि गोंधळलेलं करतं.

टीएसएच ५.६ ही किंचित वाढ. एकदाच आलेली अशी वाढ पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी आपोआप खाली येते. तेव्हा ती थायरॉइडच्याच फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ या तपासण्यांसकट पुन्हा तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस थांबवा, कारण त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात. आकडा दहाच्या वर गेला किंवा टी-४ घसरलं तर गोळीचा प्रश्न सरळ असतो. अधल्या-मधल्या आकड्यांना गोळी दिल्याने थकवा जातोच असं नाही. पासष्टीपुढच्या लोकांवरचा एक मोठा युरोपीय अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात थायरॉइडची गोळी आणि औषध नसलेली नुसती दिसायला तशीच गोळी यांत थकव्याच्या बाबतीत काही फरक पडला नाही. तुम्ही त्या वयाचे नाही, तरी ‘थायरॉइड सापडलं, सुटलो’ असं समजायची घाई करू नका.

पॅकेजबद्दल एवढंच सांगतो, कारण लोकांचे कष्टाचे पैसे त्यात जातात. लॅबची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारण ९५ टक्के निरोगी लोक बसतील अशी आखलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसाच्याही एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के आहे. बहात्तर केल्या तर एखादी लाल खूण जवळजवळ ठरलेलीच. आणि इतकं करूनही तुमच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन नाही. मला ते हवं होतं.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. स्त्रियांच्या बाबतीत याकडे जितकं दुर्लक्ष होतं तितकं क्वचित कशाकडे होत असेल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला, आणि हिमोग्लोबिन उतरण्याच्या बरंच आधी साठा रिकामा झालेला असतो. एका शाळेतल्या शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या, चाळिशीच्या. वह्या तपासायला घेतल्या की चौथ्या वहीला लक्ष उडतं म्हणाल्या. घरी सगळे म्हणत, चाळिशी आहे, होतं असं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे कागदावर ठीक. बोलता बोलता बरोबर आलेली मुलगी म्हणाली, ‘डॉक्टर, आई पाटीवरची पेन्सिल खाते.’ बाई लाजून लाल झाल्या. पर्समध्ये खरंच पेन्सिलींची पुडी होती, तुकडे करून ठेवलेली. माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ यांची अशी ओढ लागणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. फेरिटिन ६ निघालं. पाळी आठ-आठ दिवस जायची, आणि त्यांना ते सगळ्यांचंच असतं असं वाटायचं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ सापडली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चहा गोळीपासून दोन तास लांब ठेवायचा आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, असं सांगितलं. पेन्सिल तीन आठवड्यांत सुटली, उत्साह यायला अडीच महिने लागले.

त्यांचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण ‘मुळाशी काय’ हा तुमचा शब्द आहे. लक्ष लागत नव्हतं कारण लोह नव्हतं, लोह नव्हतं कारण रक्त जात होतं, रक्त जात होतं कारण गाठ होती. पहिल्या पायरीवर थांबून नुसत्या गोळ्या दिल्या असत्या तर सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच. तुमच्यासारख्या पुरुषात फेरिटिन कमी निघालं तर मी पोट-आतड्यांतून रक्त जातंय का हे आधी बघेन. आणखी फक्त हिमोग्राम, साखरेसाठी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि कॅल्शियम एवढं बघेन, आणि यातलं बहुतेक तुमच्या पॅकेजमध्ये झालेलं आहे. वजन आपोआप उतरत असतं, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम किंवा जुना खोकला असता, तर मी टीबीच्या दिशेने गेलो असतो. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

आता एडीएचडी. हल्ली हा प्रश्न आठवड्याला दोघं-तिघं तरी विचारतात, आणि ते चांगलंच आहे. कितीतरी मोठ्या माणसांचं निदान लहानपणी हुकलेलं असतं. पण या विकाराची एक अट आहे. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून आईला विचारा. डबा, कंपास, स्वेटर रोज हरवायचे का? प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा दर वर्षी यायचा का? तसं असेल तर पूर्वी घराच्या शिस्तीने झाकलं गेलेलं आता जबाबदाऱ्या वाढल्यावर उघडं पडलं, असं होऊ शकतं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. पण बत्तिसाव्या वर्षापर्यंत व्यवस्थित असलेलं लक्ष दीड वर्षापूर्वी गेलं असेल, तर एडीएचडी माझ्या यादीत खाली जातो. चार-पाच तास झोपणाऱ्या कुणालाही ती ऑनलाइन प्रश्नावली भरायला दिली तर बरेच गुण मिळतील.

मनाचा भाग शेवटी लिहितोय, पण तो शेवटी ठेवण्यासारखा नाही. एक मुलगा आठवतो. मराठवाड्यातल्या गावाहून आलेला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. ‘एक पान वाचायला तास लागतो, स्मरणशक्तीची गोळी द्या’ म्हणाला. मी विचारलं, शेवटचं काय आवडलं? त्याने बराच वेळ विचार केला. म्हणाला, ‘सर, मॅच लावतो, पूर्ण बघतो. नंतर कोण जिंकलं विचारलं तर सांगता येत नाही.’ मेसचा डबा अर्धा परत जायचा. पहाटे चारला जाग यायची आणि ती वेळ सगळ्यात वाईट असायची. घरी फोनवर ‘चाललाय अभ्यास’ एवढंच सांगायचा. त्याची स्मरणशक्ती उत्तम होती. त्याला नैराश्याचा आजार होता. नैराश्य म्हणजे रडणं असं लोकांना वाटतं. पुरुषांत तर ते बहुतेक वेळा रडण्याच्या रूपात येतच नाही. चिडचिड, रस जाणं, निर्णय न होणं आणि लक्ष न लागणं, याच वाटांनी ते येतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, आणि त्यातला एक प्रश्न थेट एकाग्रतेबद्दल आहे. दहा किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटायला हवं. औषध आणि समुपदेशन मिळून त्या मुलाला सहा-सात आठवड्यांनी जेवण गोड लागू लागलं. परीक्षा त्याने नंतर सोडली आणि गावी जाऊन काम सुरू केलं. तो निर्णय त्याने बरा झाल्यावर घेतला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही सिंहगड सोडलात. तो थकव्याने सुटला की ‘जाऊन काय करायचं’ म्हणून सुटला, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. दुसरं उत्तर आलं, तर बी-१२ची वाट बघत बसू नका. आणि जगणंच नको असे विचार येत असतील, तर थांबायचं नाही, पत्नीला सांगायचं आणि १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करायचा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पूर्वी कधी काही दिवस झोपेची गरजच न वाटता भरमसाट उत्साह, खर्च, बडबड असं झालं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावर औषधाची निवड बदलते.

कामाबद्दल मी थोडंच लिहू शकतो, कारण तुम्हीच थोडं लिहिलंय. दर पंधरा मिनिटांनी मेसेज येणाऱ्या माणसाचं लक्ष तुटतं, ते त्याच्या मेंदूच्या दोषाने तुटत नाही. अर्धवट सोडलेल्या कामाचा काही अंश डोक्यात मागे राहतोच. घरी कादंबरी किंवा मुलीला गोष्ट वाचून दाखवताना लक्ष लागतं आणि फक्त ऑफिसच्या कामातच लागत नाही, असं असेल, तर बिघाड तुमच्यात कमी आणि कामाच्या रचनेत जास्त आहे. मॅनेजरशी आठवड्यातले दोन कॉल तरी लवकर घेण्याबद्दल बोलता येईल का ते बघा.

आता क्रम. सगळं एकदम करू नका. ॲलर्जीची गोळी बदलली, कॉफी सोडली, बी-१२ वाढवलं, व्यायाम सुरू केला आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही. बरं वाटलं नाही तर काय सोडावं तेही कळणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त नोंद करा. झोपलो कधी, उठलो कधी, चहा-कॉफी किती वाजता, आणि सकाळी दहा, दुपारी तीन, रात्री आठ या तीन वेळांना डोकं किती चालतंय, याला दहापैकी गुण. एका ओळीत मावेल एवढंच. त्याच दोन आठवड्यांत व्हिडिओ, मानेचा घेर, एपवर्थ, पीएचक्यू-९ आणि फेरिटिन. त्यानंतर स्लीप स्टडीचा निर्णय आणि ॲलर्जीच्या औषधात बदल. पॅन्टोप्रेझॉल एकदम तोडलं तर आम्ल उसळून येतं, म्हणून ते शेवटी आणि हळूहळू कमी करायचं. तोवर रात्रीचं जेवण कॉलच्या आधी, आठपर्यंत उरकून बघा.

भेटीला याल तेव्हा ती वही, औषधांच्या स्ट्रिप्स आणि सापडलं तर पाचवी-सहावीचं प्रगतिपुस्तक आणा. आणि पत्नीला बरोबर घेऊन या. तुम्ही कसे झोपता आणि कधीपासून कमी हसता, हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय.